लॉ कॉलेज चौकाच्या आसपास रोज खायला कुठे जावं? (नागपूर विद्यापीठ)

कऱ्हाडची_भूगर्भवाली

नमस्कार. नागपूर विद्यापीठात भूगर्भशास्त्राच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय. विभाग लॉ कॉलेज चौकात आहे. मी आणि माझी मैत्रीण रविनगरच्या बाजूला खोली घेऊन राहणार आहोत. खोलीवर स्वयंपाक करायचा नाही, फक्त चहाची किटली चालेल, असं घरमालकीणबाईंनी आधीच सांगितलंय. म्हणजे दोन वर्षं बाहेरच जेवायचं.

शोधलं की तीच नावं समोर येतात: तर्री पोहे, सावजी, संत्रा बर्फी. ते सगळं खाणारच आहे. पण मला रोजचं हवंय. सकाळी विभागात जायच्या आधी काय खायचं, मेस कशी निवडायची, संध्याकाळी भूक लागली की पायी जाऊन काय मिळेल, रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हा काय करायचं. मी सोमवारी आणि गुरुवारी मांसाहार करत नाही, मैत्रीण पूर्ण शाकाहारी. आम्ही कऱ्हाडच्या, त्यामुळे तिखटाची भीती नाही. पैसे मात्र बेताचेच. आई सारखी विचारते, ‘तिकडे ज्वारीची भाकरी मिळेल ना गं?’ तेही कुणीतरी सांगा.

केपी_सकाळी_सात

सकाळचं मी सांगतो. एकदा तरी कस्तुरचंद पार्कला या. आम्ही केपी म्हणतो. लॉ कॉलेज चौकातून वेस्ट हायकोर्ट रोडने सरळ चालत शंकरनगर चौक, तिथून मेट्रोने सीताबर्डी, गाडी बदलून झिरो माइलच्या पुढचं स्टेशन. पोहे, पोह्यांवर हरभऱ्यांची लाल तर्री, वर कांदा, शेव, सांबार (इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), लिंबू. ‘भैया, तर्री मार के’ म्हटलं की पोहे बुडतील एवढी घालतात. पहिल्यांदा जात असाल तर ‘तर्री साइड में’ म्हणा, वाटीत वेगळी मिळते. ठेल्यांवर बोलणं जास्त करून हिंदीत चालतं, पण मराठीत बोललात तरी कुणी अडवत नाही.

चहाला तिथून सिव्हिल लाइन्समध्ये जुन्या व्हीसीए स्टेडियमकडे डॉलीची टपरी आहे. घरचे भेटायला आले की त्यांना दाखवायला न्या.

रविनगरच्या_मेसवाल्या_काकू

बेटा, मी रविनगरला घरूनच मुलींची मेस चालवते. मेसचं नाव सांगत नाही, मला इथे जाहिरात करायची नाही. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळच्या मुली माझ्याकडे जेवून शिकून गेल्या. त्यांना पहिल्या दिवशी जे सांगते तेच तुला सांगून राहिले. नागपुरात दुकानाच्या नावाआधी घड्याळ पाहायचं. इथला एकेक पदार्थ दिवसाच्या एकेका वेळेचा आहे. वेळ साधली तर कोपऱ्यावरच्या साध्या ठेल्यावरही तो उत्तम मिळते, आणि वेळ टळली की नामी दुकानातही चव उतरलेली राहते.

पोह्यांचंच घे. वरच्या भावाने सांगितलं ते बरोबर आहे, केपीला जाऊन ये. पण रोज मेट्रो करून पोहे खायला कोण जाणार? लॉ कॉलेज चौक, धरमपेठ, गोकुळपेठ, रामनगर, सगळीकडे सकाळी ठेले लागतात. त्यातला चांगला कोणता हे तुला तुझं ओळखता आलं पाहिजे. तर्रीचे हरभरे रात्री भिजवतात आणि पहाटे शिजवतात. कांदा, आलं, लसूण, सुकं खोबरं भाजून वाटायचं, तेल सुटेपर्यंत परतायचं, आणि हरभरे शिजवलेलं पाणी फेकून न देता त्यातच घालायचं. तर्रीला अंग येते ते त्या पाण्याने. जो साधं पाणी घालतो त्याची तर्री दिसायला लाल राहते, पण पोह्यांवर ओतली की तेल एकीकडे आणि पाणी एकीकडे. ठेलेवाला पळी कशी घालतो ते बघ. वरूनच भरली तर नुसता तवंग येईल. तळापासून ढवळून काढली तर रस्सा आणि हरभरे दोन्ही येतील. मग एक हरभरा दोन बोटांत दाब. तोवर तो अख्खा राहिला पाहिजे आणि दाबला की पीठ झाला पाहिजे. आणि साडेआठ-नऊच्या आत जा. गंज, म्हणजे तर्रीचं पातेलं, अर्ध्याच्या खाली उतरला की बरेच जण गरम पाणी वाढवतात, मीठ-मसाला तेवढा वाढवत नाहीत. दहानंतर पोहेही वाफेवर बसून बसून कोरडे होतात, मग तर्रीशिवाय घशाखाली उतरत नाहीत. परीक्षेच्या दिवशी मात्र तर्री नको. साधे पोहे, लिंबू पिळून.

आता मेस. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुझं दोन वर्षांचं अंग याच्यावर उभं राहणार. मेस पाहायला दुपारी जाऊ नको. दुपारचं पहिलं ताट सगळेच चांगलं देतात. रात्री नऊच्या सुमारास जा, शेवटच्या मुली जेवत असतील तेव्हा. त्यांच्या ताटातली पोळी तव्यावरची आहे की डब्यातली, वरण घट्ट आहे की वाढता वाढता पातळ केलेलं, भाजी उरली आहे की नुसता रस्सा, हे डोळ्यांनी बघ. तुरीच्या वरणात बोट घातलं तर बोटाला वरण लागून यायला पाहिजे. महिन्याचे पैसे आधी भरू नको. पहिले काही दिवस कूपनवर जेव. कूपन देत नसतील तर एकेका वेळचे पैसे देऊन जेव, पण चव घेतल्याशिवाय महिना बांधू नको. आणि खाड्याचं आधी बोलून घे: गावी गेलीस तर किती दिवसांचा खाडा धरतात, आदल्या दिवशी सांगायचं की दोन दिवस आधी. तुमच्या शाखेत तर शिबिरं, फील्डवर्क राहते, आठ-आठ दिवस बाहेर असाल. खाडा नीट ठरला नाही तर न जेवलेल्या जेवणाचे पैसे जातात. मी माझ्या मुलींना पाटीवर लिहून ठेवते, म्हणजे मलाही विसरायला होत नाही आणि त्यांनाही मागायला लाज वाटत नाही.

भाजी कुठून येते ते विचार. आमच्या भागाला गोकुळपेठेचा बाजार जवळ आहे. हिवाळ्यात तिथे सांबार, पालक, वांगी, तुरीच्या ओल्या शेंगा इतक्या ताज्या येतात की ज्या मेसमध्ये डिसेंबरातही आलू आणि पत्ताकोबीच चालते, त्या मेसवाल्यांना भाजी निवडायचा कंटाळा आहे असं समज. थंडीत वांगे-सोले झाले पाहिजेत. सोले म्हणजे शेंगेतून सोलून काढलेले ओले दाणे. एखाद्या रविवारी गोळाभात (डाळीचे गोळे घातलेला भात) किंवा वडाभात झाला पाहिजे. गोळाभातावर लसणाचं कडकडीत तेल ओतून घे. माझ्याकडे ज्या मुली सोमवारी ताटात अर्धं टाकतात, त्याच गोळाभाताला दुसऱ्यांदा ताट पुढे करतात.

आईला सांग, भाकरी मिळते, पण रोज नाही. इकडे रोजच्या जेवणात पोळीच. ज्वारीची भाकरी झुणक्यासोबत, थंडीत भरतासोबत. काही मेसवाल्या आठवड्यातून एकदा करतात, तुम्ही दोघी-चौघी मिळून म्हटलं तर दोनदाही करतील. आणि लांब रोटी खाऊन बघ. गव्हाची कणीक इतकी सैल भिजवतात की ती हातावर ओघळते. ती दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवतात आणि चुलीवर पालथ्या मडक्यावर टाकतात. रुमालासारखी पातळ होते. आता ज्या बायकांना ती येते त्या कमी राहिल्या आहेत. कुठे पाटी दिसली तर थांब आणि करताना बघ.

संध्याकाळी पाच ते सात मुंगोडीची वेळ. मुगाची डाळ भरड वाटलेली, त्यात हिरवी मिरची, आलं. तळून निघाल्यावर लगेच खायची. थंड झालेली मुंगोडी मी माझ्या घरातही कुणाला देत नाही. पावसाळ्यात आलूबोंडा तर्रीत बुडवून. फुटाळा तलाव तुमच्या रविनगरहून फार दूर नाही, तिथे भाजलेलं कणीस घ्या आणि पाळीवर बसून खा. गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, तीही तिथे मिळते, पण उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर गुपचूप टाळ, पाण्याचा भरवसा राहत नाही. आणि थंडीत सांबारवडी, पुडाची वडी म्हणतात तीच. आत कोथिंबीर, खसखस, खोबरं, चारोळी, बाहेर पातळ पारी, तळल्यावर कढीसोबत. दाबून बघ, आत सांबार गच्च पाहिजे. वर्षभर मिळते, पण खायची ती थंडीतच. सांबार तेव्हा स्वस्त राहते, म्हणून भरतात पोटभर.

सावजीचं मला विचारशील तर पहिला महिना थांब. कऱ्हाडचं तिखट जिभेला लागते, हे पोटात जाऊन लागते. आधी इथलं पाणी, इथलं तेल अंगी लागू दे.

गोळीबार_चौक

काकूंचं बाकी सगळं मान्य. पण महिनाभर थांबायला सांगू नका, पोरींना पहिल्याच रविवारी येऊ द्या. फक्त काय मागवायचं ते नीट सांगतो.

मी हलबा कोष्टी घरातला. आमचे आजोबा मागावर बसायचे. गोळीबार चौक, इतवारी, महाल, या सगळ्या भागात घरोघरी माग होते. हातमागाचं काम बसत गेलं तसं बऱ्याच घरांनी समोरच्या खोलीत दोन बाकं टाकली आणि भोजनालय सुरू केलं. म्हणून सावजीचं जेवण आजही घरातूनच येते, स्वयंपाक करणारी बाई आत राहते आणि वाढणारा तिचा मुलगा.

तिखट तिखट म्हणून सावजीची बदनामी झाली आहे, ते मला लागते. नुसत्या लाल तिखटाचा तो रस्साच नाही. दगडफूल, शहाजिरे, धणे, खसखस, सुकं खोबरं, तेजपान, मिरे, सगळं वेगवेगळं भाजून वाटायचं. एकत्र भाजलं की खसखस करपते आणि धणे कच्चे राहतात. जुन्या घरात जवसाचं तेल. रस्सा काळपट दिसला पाहिजे. भडक लाल आणि वर बोटभर तेल असेल तर तो रंगावर विकतो आहे. तोंडात आधी मसाला यायला पाहिजे, तिखट मागून. कोल्हापुरी आणि आपल्या तिखटात हाच फरक आहे, तिकडे मिरची पुढे राहते, इकडे मिरे आणि मसाला.

शाकाहारी मैत्रिणीसाठी सावजीत भरपूर आहे. पाटोडी रस्सा मागवा. बेसन शिजवून थापलेल्या वड्या, वाढताना रस्सा वरून. वड्या आधीपासून रस्स्यात टाकून ठेवल्या असतील तर त्या फुगून भुसभुशीत होतात, म्हणून ‘पाटोडी वेगळी द्या’ असं सांगायचं. दुसरं डाळकांदा, चण्याच्या डाळीचा. तो पाटोडीपेक्षा सौम्य, पहिल्या वेळी हाच घ्या. मांसाहार करणार त्या दिवशी साधं मटण घ्या. खूर (पाय), सुंदरी (आतडी) पुढच्या वेळी, कुणीतरी जाणकार सोबत असला की. आणि भातासोबत नाही, आधी पोळी किंवा भाकरीसोबत. भातात रस्सा जास्त ओतला जाते आणि मग माणूस पाणी पीत बसते. पाण्याने काही होत नाही. कच्चा कांदा आणि लिंबू खा, शेवटी मठ्ठा.

कऱ्हाडची_भूगर्भवाली

काकू, दादा, मनापासून आभार. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलंय. मैत्रीण पाटोडीचं वाचून आत्ताच निघायला तयार आहे.

दोन गोष्टी राहिल्या. आम्ही दोघीच मुली सावजीत जाऊन बसलो तर चालतं का? काही जागा बघितल्या, फोटोत सगळे पुरुषच दिसतात. आणि मे महिन्यात तिथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो म्हणतात, तेव्हा हे सगळं तिखट-तळकट कसं खातात लोक?

रविनगरच्या_मेसवाल्या_काकू

विचारलंस ते बरं झालं. काही भोजनालयांत रात्री बसायचं वातावरण मुलींसाठी नाही, हे खरं आहे. दुपारी बारा ते दीड जा. तेव्हा घरचे लोक, लेकुरवाळ्या बाया येतात, आणि रस्साही सकाळी शिजवलेला, नुकता मुरलेला राहते. ‘फॅमिली’ची पाटी आणि वेगळी खोली असलेली भोजनालयंही आहेत. नाहीतर पार्सल. स्टीलचा डबा सोबत ने, प्लास्टिकच्या पिशवीत गरम रस्सा घेऊ नको. पोळ्या आपल्या मेसमधून घ्यायच्या. माझ्या मुली रविवारी रात्री असंच करतात: चार जणी मिळून दोन डाळकांदा, एक पाटोडी, आणि पोळ्या मी दुपारीच करून ठेवते. तुझ्या मेसवालीला विचार, रविवारच्या पोळ्या दुपारी करून देशील का. बहुतेक जणी नाही म्हणत नाहीत.

उन्हाळ्यात आम्हीही तिखट कमीच खातो. एप्रिलपासून पोहेवाले लवकर लागतात आणि लवकर उठतात, तू साडेसातलाच जा. दुपारी बाहेर पडायचंच नाही. मेसमध्ये तेव्हा कैरीचं पन्हं, मठ्ठा, कांद्याची चटणी मिळते का बघ. मी दुपारच्या भाजीऐवजी एखाद्या दिवशी वरण-भात-पन्हं एवढंच ठेवते आणि मुली खूश राहतात. आमरस सुरू झाला की सरगुंड्यांसोबत, म्हणजे कणकेच्या हातशेवयांसोबत खा. संध्याकाळी सात वाजेपर्यंत जमीन तापलेली राहते, त्यामुळे बाहेरचं खाणं आठनंतर.

आणखी एक सांगते. दसऱ्याला गावी गेली नाहीस तर दीक्षाभूमीकडे जाऊन ये. तुमच्या भागातून जवळ आहे. लाखो लोक येतात आणि रस्त्यारस्त्यावर मंडप टाकून लोक जेवण वाढतात. भाजी-पोळी, मसालेभात, बुंदी. कोण कुठून आला हे कुणी विचारत नाही. मी दरवर्षी मुलींना घेऊन एका मंडपात वाढायला जाते. जेवायला ये, नाहीतर वाढायला ये. वाढायला हात कमीच पडतात.

जुना_एलआयटीकर

एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आमचं कॉलेज, 1942 सालचं, लॉ कॉलेज चौकाच्या पुढे अमरावती रोडलाच, म्हणजे तुमचे शेजारी. दोन गोष्टी भर घालतो.

महिन्याच्या शेवटी, पैसे संपत आले आणि शांत बसून अभ्यास करायचा असला की सदरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये जा. डोसा, कटलेट, कॉफी. कामगारांच्या सहकारी संस्थेचं आहे, वाढप्यांच्या डोक्यावर तुरेवाली टोपी. कुणी उठवत नाही. आम्ही तिथे एका कॉफीवर आख्खी संध्याकाळ काढायचो. फक्त डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असताना सदर आणि सिव्हिल लाइन्समध्ये जेवायच्या वेळी जाऊ नका, सगळं राज्य तिथे उतरलेलं असतं.

दुसरं संत्र्याचं. बर्फी हल्दीरामची घ्या आणि घरी न्या, प्रवासात नीट टिकते. पण संत्री घ्यायची ती दोन्ही बहरांची. आंबिया बहराची नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, जराशी आंबट. मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, जास्त गोड. 2014 साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते रंगासाठी नाही. साल सैल आणि रस आंबट-गोड, ही त्याची ओळख. रंगावर जाऊ नका. हिरवट सालीचंही आत पिकलेलं असतं. हातात घेऊन वजन बघा, जड लागलं तर घ्या. गोकुळपेठेत किरकोळ मिळतात. पेटी न्यायची असेल तर रेल्वे स्टेशनला लागून संत्रा मार्केट आहे, तिथे सकाळी लवकर जा.

गोळीबार_चौक

पोरींनो, आलात की इथेच लिहा. पहिल्या रविवारी माझी बायको आणि मी दोघंही येतो, साडेबाराला. पाटोडी आणि डाळकांदा मी मागवीन, मटणाचं तुम्ही तिथे चव घेऊन ठरवा. डबा विसरू नका, काकूंच्या मुलींसाठीही न्यायचा आहे.